पासष्टाव्या वाढदिवसाला मी अचानक अपात्र कसा झालो? विमान वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

स. न. वि. वि.

मी विमान कंपनीत कॅप्टन होतो. गेल्या महिन्यात मला पासष्ट वर्षं पूर्ण झाली, आणि आपल्याकडच्या नियमाने प्रवासी विमानाच्या वैमानिकाला त्यापुढे उडता येत नाही. आदल्या संध्याकाळी भरलेलं विमान पावसात, आडव्या वाऱ्यात उतरवलं होतं. दुसऱ्या दिवशी कंपनीने ओळखपत्र आणि टॅबलेट जमा करून घेतला. माझं मेडिकल, म्हणजे तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र, अजून चालू आहे; सिम्युलेटरवरची, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमधली, शेवटची तपासणीही पास आहे. एका रात्रीत माझ्यात काय बिघडलं, हे कोणत्याही डॉक्टरने सांगितलेलं नाही.

खरी जखम वेगळीच आहे. वैमानिकांच्या एका बैठकीत एका वरिष्ठ अधिकाऱ्याने सर्वांसमक्ष शब्द दिला होता, की देशांतर्गत उड्डाणांसाठी मर्यादा 67 करायचा विचार आहे, लवकरच समिती नेमू. समिती आलीच नाही. पत्रं लिहिली, तर 'पुढील कार्यवाहीसाठी पाठवले आहे' एवढं एका ओळीचं उत्तर आलं. कोणाकडे पाठवलं, कसली कार्यवाही, काही कळायला मार्ग नाही.

65 ही मर्यादा काही दगडावरची रेघ नाही. अमेरिकेने 1959 साली साठीचा नियम केला आणि 2007 मध्ये तो बदलून 65 केला. आयकाओने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या नागरी विमान वाहतूक संघटनेने, 2006 मध्ये 65 मान्य केली, तेव्हा साठीपुढच्या कॅप्टनसोबत साठीच्या आतला वैमानिक हवा, अशी अट होती. 2014 मध्ये तीही काढली. जपान 2015 मध्ये 67 वर गेला. 2025 मध्ये विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेने 67 चा प्रस्ताव मांडला, तो आयकाओने फेटाळला. ठीक आहे, पण आयकाओची मर्यादा आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी आहे. देशातल्या देशात काय करायचं ते प्रत्येक सरकार ठरवतं. ऑस्ट्रेलिया आणि कॅनडात देशांतर्गत वैमानिकाला सरकारी वयोमर्यादाच नाही. म्हणजे हा निर्णय तुमच्या हातात आहे, साहेब, आणि तो तुम्ही घेत नाही आहात.

साठीनंतर दर सहा महिन्यांनी माझी तपासणी झाली. ईसीजी, रक्तातली साखर, रक्तदाब, कान, डोळे. ईसीजीच्या कागदावर रेघ किंचित वेगळी दिसली, तरी पुढच्या चाचणीचा हुकूम निघायचा आणि निकाल येईपर्यंत घरी बसायचं, झोप उडायची. सिम्युलेटरमध्ये टेकऑफच्या ऐन क्षणी इंजिन बंद पाडतात, धूर दाखवतात, आणि परीक्षक मागे बसून प्रत्येक हालचाल टिपतो. दोन वैमानिकांच्या विमानात, वैमानिक वर्षभरात अचानक अक्षम होण्याची शक्यता 1 टक्क्यापर्यंत चालते, हा वैद्यकशास्त्राचा मापदंड अनेक देश वापरतात. मग माझा धोका मोजा ना! जो मोजता येतो, तो जन्मतारखेवरून का ठरवता?

आमच्यातच फूट आहे, हे मान्य. तरुण को-पायलट म्हणतात, म्हातारे हलले नाहीत तर आम्हाला कमांड, म्हणजे कॅप्टनपद, कधी मिळणार? त्यांचा राग मी समजू शकतो, कारण कमांडची वाट पाहणं मीही सोसलं आहे. देशात मर्यादा 67 केली, तर 65 नंतर परदेशी उड्डाणं बंद झालेले ज्येष्ठ कॅप्टन देशातल्या मार्गांवर येतील आणि तिथल्यांना मागे ढकलतील, हा त्यांचा आक्षेपही खोटा नाही. पण तो सीनिऑरिटीचा आणि रोस्टरचा, म्हणजे ड्युटीच्या वाटपाचा, प्रश्न आहे. त्याला सुरक्षिततेचं नाव देऊ नका.

सुरक्षिततेची एवढी काळजी असेल, तर थकव्याकडे बघा. सलग रात्रीची उड्डाणं करून पहाटे पापण्या ओढून उघड्या ठेवणारा पस्तिशीतला पोरगा जास्त धोक्यात आहे की सात तास झोपलेला मी? विश्रांतीच्या नियमांची वेळ आली, की कंपन्यांच्या अडचणी ऐकून घ्यायला सगळ्यांना सवड असते. आमचं ऐकायला नाही. देश चालवणाऱ्यांना वयाची अट नाही, सत्तरी ओलांडलेले नेते कोट्यवधी लोकांचे निर्णय घेतात. त्यांची सहामाही तपासणी कोण घेतं? या व्यवस्थेला माणूस तपासायचा कंटाळा आहे, म्हणून ती तारीख बघून शिक्का मारते.

मला सत्कार नको, शाल-श्रीफळ नको. देशांतर्गत उड्डाणांसाठी 67, सोबतचा वैमानिक 65 च्या आतला, आणि हवी तर तपासणी दर तीन महिन्यांनी करा, मी दारात उभा राहीन. समिती नेमणार नसाल तर तसं लेखी कळवा. माझ्यामागे या वर्षी आणखी कॅप्टन याच तारखेच्या रांगेत उभे आहेत, आणि त्यांनाही तेच आश्वासन दिलं गेलं आहे.

आपला,
एक कॅप्टन