आवाहन : हंगाम तोंडावर आला, दोन खोल्या आणि बसचे पैसे हवेत

सप्रेम नमस्कार,

आपल्या मंडळाची हॉकी समिती वर्षातून एकदाच तुमचं दार वाजवते. यंदा जरा लवकर आणि जरा जोरात वाजवते आहे. ऑगस्टअखेर गावच्या आइस हॉकी संघाचं शिबिर सुरू होतं आणि बाहेरगावच्या मुलांपैकी दोघांच्या राहण्याची सोय अजून लागलेली नाही. क्लबच्या अध्यक्षांचा परवा फोन आला, तुमच्या मंडळातून काही जमेल का म्हणून. मी "विचारून सांगते" म्हटलं. म्हणून हे विचारणं.

नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी दोन ओळी. आपल्या गावचा संघ कॅनडातल्या सस्कॅचेवान ज्युनियर हॉकी लीगमध्ये, म्हणजे एसजेएचएलमध्ये खेळतो. १२ संघ, १६ ते २० वर्षांची मुलं, सप्टेंबर ते मार्च साखळी सामने आणि मग प्लेऑफ. गेल्या काही हंगामांत प्रत्येक संघाच्या वाट्याला ५६ सामने येताहेत, त्यातले निम्मे परगावी. मुलांना पगार नसतो. आणि क्लबला मालक नाही, तो गावाचा आहे, म्हणजे तोटा झाला की तोही गावाचाच. जुन्यांना हे सगळं पाठ आहे, पुढे जाते.

ही समिती का निघाली तेही काहीजण विसरलेले दिसतात. त्या वर्षी गणपतीसाठी हॉल मिळेना. नेहमीच्या ठिकाणी आयत्या वेळी नकार आला, मूर्ती घरात येऊन बसलेली, आणि आपण सगळे फोनाफोनी करून दमलो होतो. तेव्हा क्लबने रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, वरच्या मजल्यावरचा हॉल उघडून दिला, भाडं न घेता. वर आरती चालू होती आणि खाली सरावात पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, कडेच्या फळ्यांवर आदळत होता, टाळ कुठला आणि पक कुठला ते कळत नव्हतं. आरतीनंतर अख्खा संघ सॉक्सवर जिना चढून प्रसादाला आला. मोदक किती उरले हे स्वयंपाकाच्या टीमला विचारा. अण्णांनी त्याच रात्री म्हटलं, "यांचं आपल्यावर देणं झालं." त्या वाक्यातून समिती निघाली.

अण्णांबद्दल लिहायला बसले तर पान पुरणार नाही. पोटॅशच्या खाणीतून निवृत्त झाल्यावर माणूस फ्लोरिडाला जातो, हे गेले रिंकच्या दारात. हिवाळ्यामागून हिवाळे तिकिटं फाडली, उणे ३५ मध्येसुद्धा, आणि स्वतः कधी स्केट पायात घातला नाही. पण बर्फावर एकत्र उतरणाऱ्या खेळाडूंची कुठली लाइन थकली आहे आणि कोच तिला बाहेर का काढत नाही, हे ते पहिल्या पिरियडमध्ये सांगायचे. आता गुडघे साथ देत नाहीत, तरी स्कोअर विचारायला मला रात्री फोन येतोच.

आपल्या दंतवैद्य ताई दर ऑगस्टला एक शनिवार दवाखाना बंद ठेवून सगळ्या संघाच्या दातांचे ठसे घेतात आणि माउथगार्ड करून देतात. एक पैसा घेत नाहीत. किती पुढचे दात वाचले याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही, पण संघाचा सामूहिक फोटो बघा, सगळे हसताहेत. ट्रकिंगवाल्या दोघा भावांनी गोलीचा, म्हणजे गोलरक्षकाचा, संपूर्ण संच घेऊन दिला. लेग पॅड, ब्लॉकर, कॅचर, मास्क असं सगळं मिळून काही हजार डॉलरचं प्रकरण असतं. बोर्डावर नाव लावू का विचारलं तर म्हणाले, आमचं नाव ट्रकवर आहे तेवढं पुरे. जर्सीवरच्या नावपट्ट्या शिवणाऱ्या आजी, ज्यांनी युक्रेनियन आडनावं एकही अक्षर न चुकवता शिवली, त्यांना यंदा डोळ्यांच्या ऑपरेशनमुळे सुट्टी आहे (त्यांच्या जागी कोण?). आणि भजनी मंडळाच्या बायका! टेडी बेअर टॉसची प्रथा १९९३ मध्ये कॅमलूप्सला सुरू झाली. घरच्या संघाचा पहिला गोल झाला की प्रेक्षक बर्फावर मऊ खेळणी फेकतात आणि ती गोळा करून गरजू मुलांकडे जातात. आपल्या बायकांनी इतकी अस्वलं गोळा केली की ती आणायला पिकअप लागला. कॅल्गरीला बदलून गेलेलं आपलं एक कुटुंब अजून दर सप्टेंबरला न सांगता पैसे पाठवतं. त्यांना इथून नमस्कार.

मोठ्या काकूंना मात्र नमस्कार पुरत नाही. मंडळातलं पहिलं बिलेट घर, म्हणजे बाहेरगावच्या खेळाडूला हंगामभर ठेवून घेणारं घर, त्यांचं. ब्रिटिश कोलंबियातून आलेला १७ वर्षांचा डिफेन्समन तळघरातल्या खोलीत राहायला आला तेव्हा काकूंचं घर शुद्ध शाकाहारी होतं. महिनाभरात त्यांनी तडजोड काढली : चिकन तो स्वतः बार्बेक्यूवर करणार, अंगणात, बर्फ असला तरी. उरलेलं सगळं काकूंचं. तो डाळ वाटीने नव्हे, पातेल्याने खायचा. काकांची अँजिओप्लास्टी झाली त्या आठवड्यात अंगणातला बर्फ उपसायला निम्मा संघ फावडी घेऊन आला होता, आणि तो कुणी बोलावला नव्हता. पुढे १० जानेवारीच्या आत, म्हणजे अदलाबदलीची मुदत संपायच्या आत, त्या मुलाचा ट्रेड झाला. दुपारी फोन, संध्याकाळी गाडीत सामान. ज्युनियर हॉकीत हे असंच चालतं, त्यात कुणाचा दोष नाही, पण काकू दोन दिवस बोलल्या नाहीत. त्यानंतरही त्यांनी दुसरा मुलगा ठेवला, मग तिसरा. यंदा त्या मुलीकडे टोरांटोला निघाल्या आहेत. दोन खोल्यांपैकी एक खोली ती आहे.

आता जरा मनातलं. गेल्या हंगामात मी गटावर फिफ्टी-फिफ्टी सोडतीची तिकिटं विकायला माणसं मागितली. अंगठे आणि जोडलेले हात इतके आले की स्क्रीन भरली. सामन्याच्या दिवशी रिंकवर मी, खजिनदार आणि खजिनदारांची मुलगी. जमलेल्या रकमेतली अर्धी जिंकणाऱ्याला आणि अर्धी क्लबला जाते. विकणारे तीन असले तर दोन्ही अर्धी लहानच राहतात. गणपतीला तोच हॉल ओसंडून वाहतो. तेव्हा कुणाला पार्किंग लांब वाटत नाही.

"आपला एकही मुलगा संघात नाही, मग आपण कशाला?" हे मला तोंडावर विचारलं गेलं आहे, म्हणून तोंडावरच उत्तर देते. आपल्या लहान मुलांना रविवारी सकाळी स्केटिंग शिकवतात ती याच संघातली मुलं. शाळेत येऊन पहिली-दुसरीच्या वर्गात गोष्टी वाचतात तीही हीच. रॉबिन बावा १९८९ मध्ये एनएचएलमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या व्यावसायिक लीगमध्ये, उतरला, भारतीय वंशाचा पहिला खेळाडू. २००८ पासून हॉकी नाइट इन कॅनडा या टीव्हीवरच्या सामन्यांच्या कार्यक्रमाचं पंजाबी समालोचन सुरू झालं. आपल्याला मराठी समालोचन नको आहे, निदान घरच्या सामन्याला एक रांग तरी भरावी. आणि आपली जी चार पोरं आता बारा-तेरा वर्षांची आहेत, त्यांच्यापैकी कुणी उद्या दुसऱ्या गावच्या संघात निवडला गेला, तर तो कुणाच्या तरी तळघरातच राहणार आहे ना?

खोल्यांची गरज यंदा जास्त का, ते नीट सांगते. पूर्वी अमेरिकन विद्यापीठाकडून खेळायचं स्वप्न असलेली मुलं आपल्यासारख्या ज्युनियर ए लीगमध्ये येत, कारण मेजर ज्युनियर म्हणजे आपल्या वरच्या पायरीची डब्ल्यूएचएल वगैरे लीग खेळलं की एनसीएएचं, म्हणजे अमेरिकन विद्यापीठांच्या क्रीडा संघटनेचं, दार बंद व्हायचं. नोव्हेंबर २०२४ मध्ये एनसीएएने तो नियम बदलला आणि १ ऑगस्ट २०२५ पासून ते दार मेजर ज्युनियरच्या मुलांनाही उघडलं. मुलांसाठी चांगलं झालं, पण आपल्यासारख्या क्लबला आता चांगला खेळाडू गावात आणायला जास्त मनधरणी करावी लागते. कोच म्हणतात की आईवडील बर्फावर खेळायला किती वेळ मिळेल हे नंतर विचारतात. आधी विचारतात की पोरगा कुणाच्या घरी राहील. इथे आपण कुणालाही हार जाणार नाही. आपल्याला पाहुणा उपाशी ठेवता येतच नाही.

बसबद्दल लिहिताना हात जड होतो. ६ एप्रिल २०१८ रोजी हम्बोल्ट ब्रॉन्कोजची बस प्लेऑफच्या सामन्यासाठी निपाविनला निघाली होती. आर्मलीजवळच्या चौकात ट्रकशी धडक झाली, १६ जण गेले, १३ जखमी झाले. आपल्याच लीगचा संघ. त्या आठवड्यात देशभर लोकांनी पायरीवर हॉकी स्टिक ठेवल्या, आपल्याही कितीतरी घरांपुढे होत्या. हे पैसे काढण्यासाठी आठवण करून देत नाही. पण दक्षिणेच्या एस्टेव्हनपासून उत्तरेच्या ला रॉन्जपर्यंत पसरलेल्या या लीगमध्ये हिवाळाभर मुलं रस्त्यावर असतात, आणि लांबच्या सामन्यानंतर रात्रीतून परत न आणता मुक्काम करायचा असं आपल्या क्लबच्या बोर्डाने ठरवलं आहे. मुक्काम म्हणजे मोटेल, जेवण, ड्रायव्हरची विश्रांती. खर्च वाढला तो याने, आणि तो वाढलेलाच बरा. शिवाय मानेचे गार्ड : ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडात शेफील्डला सामन्यात ॲडम जॉन्सन हा खेळाडू मानेला स्केट लागून गेला, तेव्हापासून त्यावर वाद घालायची कुणाची इच्छा उरलेली नाही. जुने गार्ड सैल झालेत, सगळे एकदम बदलायचे आहेत.

तपशील घाईत देते, खजिनदार दारात उभे आहेत. खोली : सप्टेंबर ते मार्च, प्लेऑफ लांबला तर एप्रिल, स्वतंत्र खोली, पलंग, टेबल, वायफाय, जेवण. क्लब दरमहा खर्चापोटी रक्कम देतो, ती मुलाच्या भुकेला पुरत नाही हे आधीच सांगून ठेवते. घरातल्या १८ वर्षांवरील सगळ्यांची पोलीस पडताळणी लागते, तिला वेळ लागतो, म्हणून अर्ज १० ऑगस्टपूर्वी. कुत्रा-मांजर असेल तर लिहा, ॲलर्जी असते. पैसे : २५ डॉलरपासून कितीही, इंटरॅक ई-ट्रान्स्फरने खजिनदारांच्या नेहमीच्या ईमेलवर, संदेशात "बस" किंवा "गार्ड" लिहा, काहीच लिहिलं नाही तर बसमध्ये धरू. क्लब ना-नफा आहे पण नोंदणीकृत धर्मादाय संस्था नाही, त्यामुळे करसवलतीची पावती मिळणार नाही. कृपया मार्चमध्ये मागू नका. रोख नको. फिफ्टी-फिफ्टीसाठी प्रत्येक घरच्या सामन्याला सहा माणसं लागतात, तक्ता गटावर टाकते आहे. अंगठा नको, नाव लिहा. दहावीपुढच्या मुलांना स्वयंसेवेचे तास लिहून मिळतील. नावपट्ट्या शिवायला शिलाई मशीन असणारं कुणी.

ज्यांनी आजवर दिलं त्यांच्याकडे मी परत परत जाते, याची मला लाज वाटते. म्हणून यंदा मोठ्या काकू, दंतवैद्य ताई आणि दोघे भाऊ यांना फोन करणार नाही असं ठरवलं आहे. बाकी सगळ्यांना करणार आहे. उचला.

आपली,
सचिव, हॉकी समिती

ता.क. गेल्या वर्षीच्या निधी जेवणात क्लबच्या स्वयंपाकघरातून तीन मोठे कुकर आणि चहाची किटली आपल्यापैकी कुणाच्या तरी गाडीतून घरी गेली. क्लबने विचारलेलं नाही, पण शिबिराच्या पहिल्या दिवशी ती जागेवर असलेली बरी. रात्री उशिरा आणून ठेवली तरी चालेल, मागचं दार उघडं असतं.