नारळीकर सर आम्हा कॉलेजच्या मास्तरांचेही सर होते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२० मे २०२५ ला सकाळी आमच्या रिटायर्ड मंडळींच्या ग्रुपवर मेसेज आला, खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सर गेले. वय ८६, झोपेतच गेले. दुसऱ्या दिवशी तुमचा पेपर अथपासून इतिपर्यंत वाचला. केंब्रिज, तिथले त्यांचे गाईड फ्रेड हॉईल, सव्विसाव्या वर्षी पद्मभूषण, नाशिकच्या संमेलनाचं अध्यक्षपद, सगळं आलंय. सरांनी पुण्यात उभी केलेली खगोलशास्त्राची संशोधन संस्था, आयुका, मात्र दोन ओळींत उरकली, म्हणून हे पत्र.

मी तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सीला फिजिक्स शिकवायचो. लायब्ररीत फिजिक्सचं एकच कपाट, चावी क्लार्ककडे आणि क्लार्क कायम रजेवर. रिसर्च जर्नल एमएस्सीला असताना बघितलेलं तेवढंच. अशा माणसाला आयुकाने व्हिजिटिंग असोसिएट म्हणून घेतलं, म्हणजे सुट्टीत यायचं, जायचा-यायचा खर्च ते देणार, राहायची सोय ते करणार, आणि आपण आपलं काम करत बसायचं. पहिल्या दिवशी लायब्ररीत गेलो तर जर्नलं उघड्या रॅकवर! मी सवयीने काउंटरवर चावी मागितली, तिथला माणूस बघतच राहिला.

हे आपोआप झालं नाही हो. सर १९७२ पासून मुंबईला टाटा इन्स्टिट्यूटमध्ये होते, तिथे आयुष्यभर निवांत राहता आलं असतं. पण यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, तेव्हाचे चेअरमन यशपाल यांनी युनिव्हर्सिटीतल्या शिक्षकांसाठी सेंटर काढायचं ठरवलं आणि १९८८ ला सर पुण्यात आले, विद्यापीठाच्या आवारात शून्यातून उभं केलं, २००३ पर्यंत डायरेक्टर राहिले. संशोधन एकीकडे आणि शिकवणं दुसरीकडे ही जी फाळणी आपल्याकडे झालीय ती त्यांना मान्यच नव्हती. इकडे आमचे प्रिन्सिपॉल मला विचारायचे, ताऱ्यांचा अभ्यास करून रिझल्ट वाढणार आहे का?

दुसरी गोष्ट. बिग बँग, म्हणजे एका महास्फोटातून विश्व सुरू झालं हे, सरांना शेवटपर्यंत पटलं नाही, १९९३ ला हॉईल आणि बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी परत वेगळी थिअरी मांडली. पण त्यांच्याच आयुकात बिग बँग धरून काम करणारे कितीतरी, त्यांच्याकडे पीएचडी केलेले पद्मनाभन तर त्याच वाटेने जाऊन जगभर नावाजले गेले. डायरेक्टरच्या थिअरीविरुद्ध पेपर लिहायचा आणि दुपारी त्याच कँटीनमध्ये जेवायचं. (आमच्याकडे एचओडींच्या नोट्स सोडून वेगळ्या पद्धतीने गणित सोडवलं तर पोरांचे मार्क जायचे.)

आणि पोस्टकार्डं. पोरं सही मागायला आली की सर म्हणायचे, सही नको, पोस्टकार्डवर प्रश्न पाठव, उत्तर देईन आणि खाली सही करेन. आमच्या गावच्या एका पोराने ते ऐकून खरंच कार्ड टाकलं, प्रश्न काय तर रात्री आकाश काळं का दिसतं. मी मनात म्हटलं काय हा प्रश्न, सूर्य नसतो म्हणून! मग विचार करत बसलो तेव्हा कळलं की पोराने तर भल्याभल्यांना पडलेला प्रश्न विचारलाय, आकाशभर तारे असतील तर खरं म्हणजे रात्रसुद्धा उजळ असायला पाहिजे. पंधरवड्याने उत्तर आलं, चार ओळी आणि खाली सही. पोस्टमनने ते आधी स्वतः वाचलं, मग चहावाल्याने, मग पोराच्या हातात पडलं.

तो पोरगा शास्त्रज्ञ वगैरे झाला नाही, वीज मंडळात आहे. सर गेले त्या मंगळवारी रात्री त्याने मला त्या कार्डाचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला. एका कोपऱ्यावर चहाचा डाग आहे, तो तेव्हाचाच.

आपला,
एक निवृत्त फिजिक्स मास्तर