शिंपी नगराध्यक्षाची अर्धीच गोष्ट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेचे सतरावे अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्या जीवनावर आपल्या रविवार पुरवणीत आलेल्या लेखाचा पहिला भाग वाचला. लेख रंजक आहे. मात्र टेनेसीतील ग्रीनव्हिल या लहानशा गावात शिंपीकाम करीत असताना हा माणूस नगरसेवक आणि पुढे नगराध्यक्ष झाला, ती वर्षे लेखकाने दोन-तीन वाक्यांत उरकली आहेत. माझ्या मते त्याच्या पुढच्या साऱ्या राजकारणाची, त्यातल्या बऱ्याची आणि वाइटाचीही, बेतणी त्याच वर्षांत झाली.

नॉर्थ कॅरोलिनातील रॅली येथे १८०८ साली जन्मलेला जॉन्सन तीन वर्षांचा असताना त्याचे वडील वारले. शाळा त्याच्या वाट्याला आली नाही. थोरल्या भावापाठोपाठ त्यालाही जेम्स सेल्बी नावाच्या शिंप्याकडे उमेदवारीला ठेवण्यात आले आणि वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत मालकाला सोडून जायचे नाही, अशा कायदेशीर कराराने बांधण्यात आले. कारागीर शिवत बसलेले असताना गावातील एक सुशिक्षित गृहस्थ दुकानात येऊन त्यांना नामांकित वक्त्यांची भाषणे वाचून दाखवीत, आणि टाके घालणारा हा मुलगा ती कान देऊन ऐके. वक्तृत्वाचे त्याचे पहिले धडे हेच. १८२४ मध्ये दोघे भाऊ पळून गेले, तेव्हा सेल्बीने वर्तमानपत्रात जाहिरात दिली की दोघांना पकडून आणणाऱ्यास दहा डॉलर मिळतील, आणि एकट्या अँड्र्यूला आणले तरी तेवढेच मिळतील. धाकट्याच्या हाताची किंमत मालकाने बरोबर ओळखली होती. मात्र पळालेल्या गुलामांसाठी त्या काळी ज्या जाहिराती छापल्या जात, त्यांचाच साचा येथेही वापरलेला दिसतो, हे नजरेआड करू नये.

१८२६ मध्ये डोंगर ओलांडून तो ग्रीनव्हिलला आला आणि पुढच्याच वर्षी एलायझा मॅकार्डलशी त्याचे लग्न झाले. पत्नीने त्याला मुळाक्षरांपासून शिकवले, हे लेखातील विधान लोकप्रिय असले तरी खरे नाही. अक्षरओळख त्याला आधीपासून होती. एलायझाने त्याचे लेखन सुधारले आणि त्याला हिशेब शिकवला. पुढे लिलावात घेतलेली एका खोलीची लाकडी इमारत त्याने आपल्या जागेवर हलवली, आणि ‘ए. जॉन्सन, शिंपी’ अशी पाटी असलेले ते दुकान लवकरच गावातील कारागिरांचा अड्डा बनले. कोट शिवता शिवता तेथे करांवर, निवडणुकांवर आणि जमीनदारांच्या मिजाशीवर वाद झडत. १८२९ साली कारागिरांनी नगरपालिकेसाठी स्वतःचे उमेदवार उभे केले, ते जुळवून आणण्यात जॉन्सनचा मोठा वाटा होता आणि तो स्वतः निवडून आला. ४ जानेवारी १८३४ रोजी सहकारी नगरसेवकांनी त्याला नगराध्यक्ष निवडले, तेव्हा तो पंचविशीत होता. दुकान मात्र चालूच राहिले. वायदा पाळणारा, शिवण पक्की घालणारा शिंपी अशी आपली ओळख तो पुढे मोठमोठ्या सभांतून अभिमानाने सांगे, आणि त्यात पोकळ बढाई नव्हती.

इथवरची गोष्ट कोणालाही आवडेल. परंतु तो नगराध्यक्ष झाला त्याच १८३४ साली टेनेसीची नवी राज्यघटना तयार झाली. पद धारण करण्यासाठी मालमत्तेची अट तिने काढून टाकली आणि जमिनीवरील कर तिच्या किमतीनुसार बसवला. छोट्या माणसाला हे सोयीचेच होते. त्याच घटनेने स्वतंत्र कृष्णवर्णीय पुरुषांना तोवर असलेला मताधिकार काढून घेतला. जॉन्सनने या घटनेच्या बाजूने प्रचार केला आणि त्या प्रचारातूनच गावाबाहेर त्याचे नाव झाले. काही वर्षांनी, हातात पैसा खेळू लागल्यावर, त्याने डॉली नावाची तरुणी आणि तिचा भाऊ सॅम यांना विकत घेतले. कराराने बांधला गेल्यामुळे जो स्वतः पळून गेला होता, त्याला यात काही विसंगती वाटल्याचे दिसत नाही.

१८४६ मध्ये, जॉन्सन अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहाचा सदस्य असताना, तेथील दुसरे सदस्य जेफरसन डेव्हिस यांनी, युद्धातले कसब लोहाराला किंवा शिंप्याला कुठून येणार, अशा अर्थाचे उद्गार काढले, तेव्हा जॉन्सन उसळून उठला आणि आदमसुद्धा अंजिराची पाने शिवणारा शिंपीच होता, असे त्याने ऐकवले. श्रमाच्या प्रतिष्ठेसाठी इतका हळवा असलेला हा माणूस, गुलामांच्या श्रमाचा प्रश्न येताच गप्प बसे. लेखकाने हे दोन जॉन्सन वेगवेगळे मानू नयेत. जमीनदारांविषयीची चीड आणि कृष्णवर्णीयांविषयीची तुच्छता एकाच दुकानात, एकाच गिऱ्हाइकांच्या संगतीत पोसली गेली.

आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. गुलामगिरी संपवणारी घटनादुरुस्ती डिसेंबर १८६५ मध्ये अमलात आली तेव्हा अध्यक्षपदावर जॉन्सन होता. तेवढ्यावरून मराठी वाचकाने त्याची गणना त्या लोकांत करण्याचा मोह टाळलेला बरा. मुक्त झालेल्यांना मदत देणारा आणि त्यांना नागरी हक्क देणारा, असे दोन्ही कायदे त्याने १८६६ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये नकाराधिकार वापरून अडवले. त्यांपैकी नागरी हक्कांचा कायदा काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, एप्रिलमध्ये त्याच्या नाकावर टिच्चून संमत करावा लागला.

पुढील भागात १८६८ च्या महाभियोगाची हकिकत येणार असल्याचे आपण जाहीर केले आहे. अवघ्या एका मताने तो कसा वाचला, हे वाचायला वाचक उत्सुक असतीलच. त्याआधी १८३४ ची ती राज्यघटना आणि डॉली व सॅम यांची नोंद लेखकाने घ्यावी, अशी नम्र विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा