डोकं कुठे दुखतं एवढंच विचारू नका

संपादक महोदय,

कालच्या आरोग्य पुरवणीतला डोकेदुखीच्या प्रकारांवरचा लेख वाचला. विषय घेतलात हे चांगलं केलंत, पण सोबत छापलेल्या चार चेहऱ्यांच्या चित्राबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. कपाळ लाल म्हणजे सायनस, अर्धं डोकं लाल म्हणजे अर्धशिशी, डोक्याभोवती पट्टा म्हणजे ताणाची डोकेदुखी, डोळा लाल म्हणजे क्लस्टर (एका डोळ्याभोवती झटक्यांनी येणारी तीव्र डोकेदुखी). हे इतकं सरळ असतं तर माझी सहा वर्षं फुकट गेली नसती.

माझं कपाळ दुखायचं, गाल जड व्हायचे, नाकातून पाणी यायचं. सायनसच, असं मी ठरवून टाकलं आणि घरच्यांनाही ते पटलं. वाफारे घेतले, नाकात थेंब घातले आणि गोळ्या खाल्ल्या. दुखताना मळमळायचं, उजेड नकोसा व्हायचा, पण त्याचा विचार कोणी केला नाही. अर्धशिशीतही नाक वाहतं किंवा चोंदतं, आणि नाव अर्धशिशी असलं तरी ती दोन्ही बाजूंना दुखू शकते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कालच्या लेखातही ते नाही.

शेवटी ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी ‘कुठे दुखतं’ यावर फार वेळ घालवला नाही. किती वेळ टिकतं, दुखताना तुम्ही काय करता, हे विचारलं. अर्धशिशी उपचाराविना ४ ते ७२ तास राहते आणि माणूस अंधारात निपचित पडून राहतो, कारण हालचालीने ठणका वाढतो. क्लस्टरचा झटका १५ मिनिटांपासून ३ तासांपर्यंतचा, पण त्यात माणसाला एका जागी बसवत नाही, तो येरझाऱ्या घालतो. ताणाच्या डोकेदुखीत डोकं आवळल्यासारखं होतं, तरी हातातलं काम बहुधा चालू राहतं. हे फरक रंगवलेल्या चेहऱ्यांवरून कसे कळणार?

मग त्यांनी विचारलं, महिन्यातून किती दिवस गोळी घेता? मी कधी मोजलंच नव्हतं. रिकाम्या पाकिटांवरून हिशेब केला तर २२ दिवस निघाले. गोळ्यांच्या अतिवापरानेच डोकेदुखी होते आणि तो एक स्वतंत्र प्रकार आहे, हे मला त्या दिवशी समजलं. आधीपासून डोकेदुखी असलेल्याने साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, आणि मिश्र घटकांच्या गोळ्या किंवा अर्धशिशीवरच्या ट्रिप्टान गटातल्या गोळ्या १० किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त काळ घेतलं की हा धोका असतो. पहाटे डोकं धरूनच जाग येण्याचं कारण तेच निघालं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या बंद केल्या. पहिला आठवडा नरकासारखा गेला. दोन महिन्यांनी मूळची अर्धशिशी तेवढी उरली, महिन्यातून दोनतीनदा येणारी.

तुमच्या लेखात या प्रकाराचा एका ओळीचाही उल्लेख नाही. उलट ‘डोकं दुखल्यास वेदनाशामक गोळी घ्यावी’ एवढंच आहे, किती दिवस ते नाही. आणि त्याच पानावर खाली डोकेदुखीच्या गोळीची पाव पानाची जाहिरात! जाहिराती लागतात हे मान्य, पण ती दुसऱ्या पानावर गेली असती तर काय बिघडलं असतं?

धोक्याच्या लक्षणांची चौकट मात्र इतक्या बारीक अक्षरांत छापलीत की चष्मा लावूनही मला ती धड वाचता आली नाही. मिनिटाभरात शिगेला पोचणारी, पूर्वी कधीच न अनुभवलेली डोकेदुखी मेंदूभोवतीच्या रक्तस्रावाची असू शकते, तेव्हा घरी न थांबता इस्पितळ गाठायचं. पन्नाशीनंतर कानशील नव्याने दुखू लागलं, चावताना जबडाही दुखू लागला, तर रक्तवाहिनीला सूज असू शकते आणि उपचार लांबले तर दृष्टी जाऊ शकते. हे ठळक छापायला हवं होतं.

माझ्या धाकट्या बहिणीचंही कपाळ दुखतं. तिने कालच ते चित्र कापून कपाटावर चिकटवलं आणि मला फोन करून सांगितलं, ‘ताई, माझं सायनसच आहे गं.’ दुरुस्ती लवकर छापावी ही विनंती, म्हणजे त्या चित्राच्या जागी ती लावता येईल.

आपली,
एक नियमित वाचक