माप तुमच्या माणसाने घेतलं, पडदे तुम्ही शिवले, मग चूक आमची कशी?

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवलाय आणि लगेच लिहायला बसलेय, कारण उद्यापर्यंत थांबले तर माझं डोकं शांत होईल आणि ते तुमच्याच सोयीचं ठरेल. ऑर्डर नंबर, फोटो, बिल सगळं तक्रारीला आधीच जोडलेलं आहे, आता परत पाठवणार नाही. हॉलच्या मोठ्या खिडकीचे, जमिनीपर्यंतचे, रिंगवाले (वरच्या कडेत बसवलेल्या गोल रिंगांतून रॉड जातो तसले) कॉटनचे पडदे. माप घ्यायला माणूस तुमचा आला, कापड तुमचं, शिलाई तुमची. आणि लावल्यावर पडदा जमिनीपासून डावीकडे १८ सेंमी आणि उजवीकडे साडेपंधरा सेंमी वर लटकतोय. खालची अख्खी स्कर्टिंग दिसते आणि प्लगचा बोर्डही दिसतो.

हे कसं झालं ते तुम्हाला समजावून सांगायची वेळ माझ्यावर यायला नको होती, पण फोनवरच्या एकालाही ते कळलेलं नाही म्हणून सांगते. तुमच्या माणसाने खिडकीची चौकट मोजली. रुंदी १८०, चौकटीच्या वरच्या कडेपासून फरशीपर्यंत २१५. एकदाच मोजली, डावीकडून, शिंप्याकडे असते तसल्या कापडी टेपने. पडद्याचा रॉड तेव्हा भिंतीला लागलेला होता. त्याच्या डोक्यावर होता, त्याने वर मान करून बघितला पण. तो रॉड २४० सेंमीचा आहे, चौकटीच्या दोन्ही बाजूंना ३० सेंमी बाहेर काढलेला आणि चौकटीच्या १५ सेंमी वर लावलेला, म्हणजे पडदे सारले की ते काचेवर न बसता भिंतीवर सरकतात आणि उजेड पूर्ण आत येतो. तो रॉड त्याने मोजलाच नाही. पडदा खिडकीला नाही, रॉडला लटकतो. तुमच्या धंद्यातली ही पहिली गोष्ट आहे ना? मग ज्याला टांगायचं तेच सोडून बाकीचं का मोजलं?

आता उंचीचं बघा. फरशी कित्येकदा थोडी उतारावर असते, आमचीही आहे. मी स्टीलच्या टेपने रॉडच्या वरच्या कडेपासून डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे असं तीन ठिकाणी मोजलं तर २३०, २२९ आणि साडे २२७ आलं. जमिनीपर्यंतच्या पडद्याला यातलं सगळ्यात कमी माप धरायचं, फरशीला घासू नये म्हणून एक-दीड सेंमी सोडायचं, आणि रिंगवाला पडदा असेल तर रॉडच्या वर जी पट्टी उभी राहते तिची उंची त्यात मिळवायची. तुमच्या पडद्यात ती ३ सेंमी आहे. म्हणजे पडदा २२९ सेंमीचा हवा होता. तुम्ही शिवलात २१५ चा, त्यातले वरचे ३ गेले, खाली उरले २१२. बेरीज वजाबाकी तुम्हीच करून बघा, शाळेतल्या मुलालाही येईल.

आणि रुंदी! तुमच्याच माहितीपत्रकात छापलंय की चुण्या छान पडायला कापड रॉडच्या लांबीच्या दुप्पट लागतं, आणि त्याच दुपटीच्या हिशोबाने तुम्ही बिल लावलंत. २४० च्या दुप्पट ४८०. तुमच्या कापडाचा पन्हा, म्हणजे ठाणाची रुंदी, १३७ सेंमी, म्हणजे साडेतीन, म्हणजे ४ पन्हे लागणार. तुम्ही १८० ची दुप्पट केलीत, ३६० सेंमी, आणि ३ पन्ह्यांत भागवलंत. ते कापड २४० च्या रॉडवर ताणलं की फक्त दीड पट होतं, चुण्या पडतच नाहीत, चादर वाळत घातल्यासारखं दिसतं. पडद्याची डावी-उजवी दोन्ही पाखं मध्ये एकमेकांवर ५-१० सेंमी यायला हवीत ती जेमतेम टेकतात, रात्री दिवा लावला की मधल्या फटीतून समोरच्या बिल्डिंगला आमचा हॉल दिसतो. रॉडचे ब्रॅकेट भिंतीपासून पुढे आलेत, तिथे बाजूने पडदा वळून भिंतीला टेकायला कापड जास्त धरावं लागतं, ते पण नाही, त्यामुळे सकाळी बाजूने उन्हाची तिरीप थेट सोफ्यावर.

रिंगा मोजल्यात का तुम्ही कधी? एकेका पाखाला ११. रिंगा सम संख्येत घ्यायच्या असतात, १० किंवा १२, म्हणजे दोन्ही टोकं भिंतीकडे वळतात. विषम झाल्या की एक टोक भिंतीकडे आणि दुसरं खोलीत बाहेर येतं. आमच्याकडे दोन्ही पाखांचं ते बाहेर आलेलं टोक नेमकं मध्यावर आलंय. हे शिवणाऱ्याला माहीत नव्हतं की त्याला कोणी सांगितलंच नाही?

आता त्या फोनबद्दल. आधी एका मुलीने सांगितलं की मॅडम, कॉटन आहे, एकदा धुवून घ्या, कापड सुटेल आणि खाली येईल. मी तिला म्हटलं, अगं, कॉटन धुतल्यावर आटतं, पहिल्या धुण्यात तीन टक्के जरी आटलं तरी या पडद्याचे सहा सेंमी अजून जातील. तिने मला होल्डवर टाकलं. बराच वेळ ते संगीत ऐकल्यावर एक सिनियर म्हणून कोणीतरी आले. त्यांनी फाइल उघडली आणि पहिलंच वाक्य, "मॅडम, फॉर्मवर तुमची सही आहे." मी म्हटलं, सही खिडकीच्या मापावर आहे, फॉर्मवर 'खिडकीची रुंदी' आणि 'खिडकीची उंची' असे दोनच रकाने आहेत आणि ती दोन्ही मापं बरोबरच आहेत, खिडकी १८० चीच आहे. त्यावरून पडद्याचं माप काढणं तुमचं काम होतं आणि त्याला रॉड लागतो. रॉडचा रकानाच तुमच्या फॉर्मवर नाही. तर म्हणाले, रॉडचा आणि पडद्याच्या साइझचा संबंध नसतो, मॅडम. पडद्याच्या कंपनीतला माणूस! मी तरी शांतपणे सांगत होते, रॉड चौकटीपेक्षा ६० सेंमी लांब आहे, १५ सेंमी वर आहे, तुम्ही कागदावर काढून बघा. तेवढ्यात मला तोडून ते म्हणाले,

"मॅडम, घरात कोणी जेंट्स आहेत का? त्यांच्याकडे फोन द्या, मी त्यांना माप समजावतो."

हे वाक्य तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये आहे, कारण कॉल रेकॉर्ड होतोय असं सुरुवातीला तुम्हीच ऐकवता. ते काढा आणि नीट ऐका, मीटिंगमध्ये सगळ्यांना ऐकवा. त्या वेळी मी स्टुलावर उभी होते, एका हातात फोन, दुसऱ्या हातात टेप, टेपचं टोक रॉडवर अडकवलेलं आणि समोर आकडा दिसतोय. या घरातला प्रत्येक ड्रिल, प्रत्येक स्क्रू मी मारलाय, तो रॉड मी स्वतः लेव्हल लावून बसवलाय. आणि मला विचारतात जेंट्स आहेत का. मी म्हटलं, आहेत, पण माप मी घेतलंय आणि ऑर्डर माझ्या नावावर आहे, तुम्ही माझ्याशीच बोला. तर आवाज चढवून, "मग मॅडम तुम्हीच सांगा ना काय करायचं!" मी सांगितलं, खालची दुमड उसवून पडदा लांब करून द्या. ते एकदम खूश, हो हो, होऊन जाईल. मी दुमड मोजून सांगितली, ४ सेंमी. जमिनीपर्यंतच्या पडद्याला खाली १०-१५ सेंमीची दुमड ठेवतात, त्याने पडद्याला वजन येतं, तो सरळ पडतो आणि पुढे कापड आटलं तर सोडताही येते. तुमची सगळी सोडली तरी ४ सेंमी, १४ कुठून आणणार? यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. मग म्हणाले, तुमची खिडकीच स्टँडर्ड नाही, मॅडम, नवीन साइझ हवी तर नवीन ऑर्डर टाकावी लागेल, आणि फोन ठेवला. मी अजून बोलत होते. पाठोपाठ मेसेज आला, आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.

निकाली कोणाची काढली? पडदा अजून १८ सेंमी वरच आहे.

आणि स्टँडर्ड नाही म्हणजे काय हो? स्टँडर्ड असती तर मी दुकानातून तयार पडदे नसते का आणले? मापाप्रमाणे शिवून देतो हीच तर तुमची जाहिरात आहे, त्यासाठीच माणूस घरी पाठवता आणि त्याचे वेगळे पैसे लावता.

बेडरूमच्या ब्लाइंडचं पण तेच झालंय. तो चौकटीच्या आत बसतो, तिथे रुंदी वर, मध्ये, खाली मोजून सगळ्यात कमी धरायची आणि सहज वर-खाली व्हावा म्हणून थोडी सूट सोडायची. ती सूट तुमच्या माणसाने मापातच कापून लिहिली आणि कारखान्याने परत कापली, कारण फॉर्मवर लिहिलेलं माप चौकटीच्या आतल्या जागेचं आहे की तयार ब्लाइंडचं हे कुठेच लिहिलेलं नाही. दोन्ही बाजूंना बोटभर फटी, पहाटेच डोळ्यावर उजेड.

मला खरं वाईट याचं वाटतं की आधीच्या घरात तुमचेच पडदे होते. त्यांची खालची दुमड तळहाताएवढी रुंद, कोपऱ्यात आत शिवलेली छोटी वजनं, त्यामुळे पंखा लावला तरी पडदा जागेवरून हलायचा नाही. माप घ्यायला आलेले काका रॉडला हात लावून, ब्रॅकेट भिंतीपासून किती बाहेर आहे तेही लिहून घ्यायचे. ते पडदे बघून माझ्या बहिणीने, मैत्रिणींनी तुमच्याकडे ऑर्डर दिल्या, मीच सांगितलं होतं त्यांना, डोळे झाकून द्या म्हणून. आता त्यांना काय सांगू?

मला नवीन ऑर्डर वगैरे काही टाकायची नाही. तुम्ही माणूस पाठवायचा, स्टीलची टेप घेऊन. त्याने रॉडची लांबी, ब्रॅकेटची खोली आणि रॉडपासून फरशीपर्यंत तीन ठिकाणची उंची माझ्यासमोर मोजायची, कुठून कुठपर्यंत मोजलं ते फॉर्मवर शब्दात लिहायचं, आणि पडदे नव्या कापडात नव्याने शिवायचे. आत्ताच्या पडद्यांना खाली पट्टी जोडून देतो असं परत कोणी सुचवू नका, एकदा सुचवून झालंय, मला जोड नकोय. दुमड १० सेंमीच्या खाली चालणार नाही आणि रिंगा सम. कापड कापण्याआधी धुवून आटवून घ्यायचं. ब्लाइंड बदलून हवाय. या सगळ्याचा एक पैसाही जास्त मिळणार नाही, कारण रॉड तेव्हाही तिथेच होता आणि तुमच्या माणसाने तो बघितला होता.

आणि त्या सिनियरांनी स्वतः फोन करून माझी माफी मागायची. लेखी 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' वालं नकोय, ते तुमचा कॉम्प्युटर पाठवतो.

येत्या सोमवारपर्यंत माणूस आला नाही तर हे पत्र, फोटो आणि कॉलची तारीख-वेळ घेऊन मी ग्राहक आयोगात जाणार आहे, आणि टेप लावलेल्या पडद्याचा फोटो जिथे जिथे तुमची जाहिरात दिसेल तिथे खाली टाकणार आहे. फोन सकाळी करा. मीच उचलीन.