मोठ्या आबांची काठी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

मोठे आबा तसे का चालायचे, हे तू फोनवर विचारलंस आणि मी 'लाखोळीमुळे' एवढंच बोलून विषय बदलला. तुझी आई समोरच लाखोळीच्या डाळीचे वडे तळत होती ना!

आपल्या भंडाऱ्याकडे उभ्या धानात लाखोळी फेकतात. नांगरट नको, पाणी नको, जमिनीतल्या ओलीवर येते. आबांच्या तरुणपणी ओळीनं दोन वर्षं धान गेलं, हीच तेवढी तगली. मग कित्येक महिने भाकर तिची, वरणही तिचंच. एके दिवशी बांधावरून येताना त्यांच्या पोटऱ्या ताठरल्या. पुढे टाचा टेकेनात. गुडघे एकमेकांना घासत, कात्रीसारखे पाय टाकत ते चवड्यांवर चालायचे. सारवलेल्या अंगणात त्यांच्या मागे चवड्यांचे खळगे आणि काठीची भोकं उमटत. हात मात्र शाबूत, डोकंही. धानाचा हिशेब तोंडी करायचे.

गाव म्हणे वात. मला खरं कारण कळलं ते शिक्षक झाल्यावर. लाखोळीत ओडॅप नावाचं विष असतं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 1964 साली ते वेगळं काढलं. मेंदूतले बरेचसे निरोप एका पेशीकडून दुसरीकडे जातात ते ग्लुटामेट नावाच्या रसायनाच्या हाती. निरोप पोचला की शेजारच्या आधारपेशी ते झटकन उचलून नेतात. ओडॅपची ठेवण ग्लुटामेटसारखीच, म्हणून ते त्याच रिसेप्टरवर, म्हणजे पेशीच्या निरोप घेणाऱ्या जागेवर, जाऊन बसतं. पेशी पुन्हा पुन्हा चेतवली जाते, आत कॅल्शियम साचत जातं. थोडं तिला लागतंच रे, पण एवढं झालं की पेशीला ऊर्जा पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया ढेपाळतात आणि प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स पेशीलाच कुरतडू लागतात. पायांना हुकूम देणाऱ्या पेशी अशा गेल्या, त्या परत येत नाहीत. नुसत्या ग्लुटामेटनंही पेशी मरतात, हे जॉन ओल्नी या अमेरिकी डॉक्टरांनी 1969 मध्ये उंदरांच्या पिल्लांत दाखवलं. तुझ्या मावशीला पक्षाघाताचा झटका आला तेव्हाही हेच घडलं असणार: रक्त अडलं, ऊर्जा संपली, सांडलेलं ग्लुटामेट उचलायला कुणी उरलं नाही.

वड्यांची काळजी करू नकोस. सणावाराला खाल्लेल्या चार वड्यांनी कुणाचे पाय जात नाहीत. तरी आई डाळ रात्रभर भिजवून ते पाणी फेकते, थोडं विष त्यात निघून जातं.

आबांची काठी माळ्यावर आहे. दिवाळीला आलास की काढू. तिचं टोक एकाच बाजूनं झिजलंय.

तुझा,
बाबा