राखेला नावं ठेवण्याआधी स्लॅबवर पाणी मारा

महोदय,

गेल्या रविवारी आमच्या गल्लीत एका घराचा स्लॅब पडला. (आम्हा बांधकामवाल्यांच्या भाषेत 'पडला' म्हणजे ओतला, कोसळला नव्हे.) घरमालकाने मिस्त्रीला बजावलं होतं, 'राखेचं सिमेंट नको, प्युअर 53 ग्रेडच पाहिजे.' (53 ग्रेड म्हणजे बिनराखेचं सिमेंट.) दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्रातून कोळशाची राख नेणारे बल्कर (बंद टँकर) भुसावळकरांच्या रोजच्या पाहण्यातले. त्यामुळे सिमेंटात राख म्हणजे भेसळच, हा समज इथे पक्का आहे. तीस वर्षं साइटवर काढली, म्हणून लिहितो.

पीपीसीच्या, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटच्या, गोणीत 15 ते 35 टक्के राख असते, आणि ती आयएस 1489 या भारतीय मानकानुसारच. सिमेंटला पाणी लागलं की त्यातून चुना सुटतो. एरवी तो तसाच पडून राहतो. राख त्याला धरते आणि त्याचाही चिकटा बनवते. काँक्रीट घट्ट होतं, शिवाय तापतं कमी. पण हे काम सावकाश चालतं, आणि तोवर ओल टिकायला हवी. कोरड्या, उष्ण हवेत असं काँक्रीट 14 दिवस ओलं ठेवावं, अशी शिफारस काँक्रीटच्या मानकात, आयएस 456 मध्ये, आहे. प्रत्यक्षात तिसऱ्या दिवशी आळी (स्लॅबवर पाणी साठवायला केलेले छोटे बांध) सुकतात आणि आठव्या दिवशी टेकू निघतात.

शहाणपण शिकवत नाही, स्वतःचं सांगतो. 2009 च्या उन्हाळ्यात माझ्याच पोर्चचा स्लॅब टाकला. नळ चार-चार दिवसांआड, टँकरचे पैसे जिवावर आले. पाच दिवस गोणपाट भिजवलं आणि सोडून दिलं. आजही तिथे खराटा फिरवला की सुपलीभर पूड निघते. सौ. विचारते, 'तुमच्या साइटवरही असंच का हो?'

वीज केंद्राच्या राखेच्या तळ्यातली ओली, जाडी राख वाळूच्या जागी तगारीने मालात टाकणारे महाभागही पाहिलेत. ती राख वेगळी. सिमेंटात जाते ती चिमणीच्या आधीच यंत्राने पकडलेली, पिठासारखी कोरडी.

शेजाऱ्याच्या स्लॅबचा आज चौथा दिवस. आळी कोरडी ठणठणीत. संध्याकाळी जाऊन सांगणार आहे, या उन्हात 53 ग्रेडलाही 10 दिवस पाणी लागतं.

— एक निवृत्त बांधकाम सुपरवायझर, भुसावळ